दवाखान्याचं बिल आज कोण भरणार, आणि शेवटी कोण?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्याचे थोरले बंधू वायरमन आहेत, विहिरीवरच्या मोटारीही दुरुस्त करतात. वय 34. चार दिवसांपूर्वी नागठाण्याजवळ सेवा रस्त्याने दुचाकीवरून घरी येताना मागून कारने उडवलं. उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. खासगी दवाखान्यात दाखल आहेत, सूज उतरली की परवा रॉड टाकायचा आहे. खर्चाचा अंदाज 2 लाख 80 हजार, पैकी 60 हजार भरून झाले. कारवाला भला माणूस दिसतो, पण 50 हजार घ्या आणि या कागदावर सही करा म्हणतो. त्याच्या विमा कंपनीला फोन केला तर 'कोर्टातून या' असं उत्तर मिळालं. मेडिक्लेम नाही, रेशन कार्ड केशरी आहे, फिर्याद अजून दिलेली नाही. 'मग गाडीचा विमा असतो कशाला?' असं शेवटी चिडून विचारलंय.

मी सातारच्या जिल्हा न्यायालयात 23 वर्षं अपघाताचे दावे चालवतो. हा चिडका प्रश्न प्रत्येक कुटुंब पहिल्या आठवड्यात विचारतं, म्हणून आधी तोच घेतो.

समोरच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा दवाखान्याच्या काउंटरवर पैसे भरत नाही. तो मालकाच्या डोक्यावरची नुकसानभरपाईची जबाबदारी उचलतो, आणि ती जबाबदारी किती हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं. माझ्या अनुभवात त्याला दोन ते चार वर्षं लागतात, कंपनी तडजोडीला आली तर लोकअदालतीत लवकर. त्यामुळे 'आज बिल कोण भरणार' आणि 'शेवटी हा खर्च कोणाच्या अंगावर पडणार' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची उत्तरंही वेगळ्या ठिकाणी आहेत. फसगत होते ती पहिल्याच्या घाईत दुसऱ्याचे कागद बिघडवून ठेवल्यामुळे.

ऑपरेशन अजून व्हायचंय हे वाचून मला बरं वाटलं. राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. खिशातून बिल भरून नंतर परतावा मागायची सोय त्यात नाही. 1 जुलै 2024 पासून ही योजना फक्त पिवळ्या-केशरीपुरती राहिलेली नाही, पांढरं कार्डही चालतं, आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला 5 लाख आहे. हाडांची ऑपरेशनं तिच्या यादीत आहेत. अडचण दवाखान्याची असते. तो योजनेत हवा आणि अस्थिरोग विभागासाठी हवा. एखादा दवाखाना डायलिसिससाठी योजनेत असतो, हाडांसाठी नसतो, आणि बाहेर पाटी मात्र एकच लावलेली असते. म्हणून आजच त्या दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा. आरोग्यमित्रच नसेल तर 155388 वर किंवा 1800 233 2200 वर विचारा. दवाखाना योजनेत असेल तर आधार आणि रेशन कार्ड देऊन मंजुरीचे कागद पाठवायला लावा. मंजुरीनंतर 'इम्प्लांटचे वेगळे द्या' असं कोणी म्हटलं तर त्याच नंबरवर तक्रार करायची.

दवाखाना योजनेत नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, पेशंट हलवला तर चालेल का. कराड, मिरज, सातारा या पट्ट्यात हाडांच्या चांगल्या डॉक्टरांचा तुटवडा नाही, आणि साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहेच. सिव्हिल म्हटलं की घरातली थोरली माणसं नाक मुरडतात. पण बंद जखमेच्या साध्या फ्रॅक्चरसाठी अडीच लाखांचं सोनं गहाण टाकण्याआधी तिथल्या अस्थिरोग विभागात एकदा एक्स-रे दाखवून यायला काय हरकत आहे? हलवण्यात धोका आहे असं डॉक्टर म्हणाले तर मात्र पैशासाठी हट्ट करू नका.

दुसरी सोय अजून बऱ्याच जणांच्या कानावर गेलेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 162 खाली केंद्राने 5 मे 2025 ला रस्ते अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना लागू केली. कोणत्याही रस्त्यावर मोटार वाहनाने झालेला अपघात असो, अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाखापर्यंतचा उपचार नेमलेल्या दवाखान्यात मोफत. उत्पन्नाची अट नाही, रेशन कार्डाचा रंग कोणी विचारत नाही. पण हा अपघात रस्त्यावर वाहनामुळेच झाला याला पोलिसांकडून ऑनलाइन दुजोरा लागतो. तुमचे चार दिवस गेले आणि फिर्याद नाही, म्हणजे दुजोरा द्यायला पोलिसांकडे कागदच नाही. कागदावर योजना भक्कम आहे, काउंटरवर 'आमच्याकडे अजून लॉगिन नाही' हेही ऐकायला मिळतं. तरी उरलेल्या तीन दिवसांत मागणी करा, आणि लेखी करा. नकारही लेखी मिळाला तर पुढे उपयोगी पडतो.

दवाखाना धर्मादाय ट्रस्टचा असेल तर आणखी एक दार आहे. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांच्या आत असेल तर निर्धन म्हणून मोफत, 3 लाख 60 हजारांच्या आत असेल तर दुर्बल घटक म्हणून सवलतीत, अशा दहा-दहा टक्के खाटा त्यांनी राखायच्या असतात. तहसीलदारांचा दाखला लागतो. दवाखान्यातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, बिलिंगच्या खिडकीवर हा विषय काढून उपयोग नसतो. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही करता येतो, पण त्याच्या भरवशावर ऑपरेशनची तारीख ठरवू नका.

भाऊ एखाद्या कारखान्यात कामाला असते आणि पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात होत असती, तर मी सगळ्यात आधी तिकडे पाठवलं असतं. कामावर जाता-येता झालेला अपघातही तिथे कामावरचा धरला जाऊ शकतो. सातारा किंवा कुपवाड एमआयडीसीतली कितीतरी मुलं वीस-बावीस हजारांची उसनवारी करतात आणि ईएसआयचं कार्ड घरी कपाटात पडलेलं असतं.

आता एक गैरसमज. 'भावाच्या दुचाकीला फुल इन्शुरन्स आहे, त्यातून दवाखाना निघेल का?' निघत नाही. फुल इन्शुरन्समधून गाडीचं नुकसान निघतं. पॉलिसीत मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो मृत्यूसाठी आणि हात, पाय, डोळा जाण्यासारख्या कायमच्या अपंगत्वासाठी. बँकेतून दरवर्षी 20 रुपये कापून मिळणाऱ्या पंतप्रधान सुरक्षा विम्याचंही तेच. मोडून जुळलेल्या हाडाला यातून काही नाही. तरी दोन्ही कागद शोधून ठेवा. पायात संसर्ग होऊन वेळ वाईट आली तर लागतात, आणि तशी वेळ आलेली मी पाहिली आहे.

इथवर आजच्या बिलाचं झालं.

आता फिर्याद. चार दिवस ती का दिली नाही हे मला न विचारता कळतं. कारवाला रोज दवाखान्यात येतो, फळं आणतो, 'पोलिसांच्या भानगडीत कशाला पडायचं' म्हणतो. तो खोटारडा असेलच असं नाही, घाबरलेला असेल. पण आज जा. हद्दीचा वाद घातला तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायला सांगा, म्हणजे आधी नोंद आणि मग योग्य ठाण्याकडे रवानगी. उशीर झाला म्हणून दावा बुडत नाही, उशिराचं कारण मात्र सांगावं लागतं. 'पेशंटकडे धावपळ होती' हे खरं कारण आहे आणि चार दिवसांसाठी ते पटतं. चाळीस दिवसांसाठी पटत नाही. गाडीचा नंबर, रंग, चालक कोण होता, कोणत्या बाजूने आली, हे फिर्यादीत यायलाच हवं. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते, तिचा फोटो काढून ठेवा. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे पाठवायचा असा 2022 पासूनचा नियम आहे, सविस्तर अहवालाला 90 दिवस. फिर्यादच नसेल तर हे चाक फिरायला लागत नाही.

आणि आता ज्यासाठी मी एवढं लांब लिहायला बसलो ते. दवाखान्याच्या पहिल्या केसपेपरवर काय लिहिलंय ते आज संध्याकाळी जाऊन वाचा.

कॅज्युअल्टीत पेशंट विव्हळत असतो, बरोबर आलेला चुलतभाऊ नाहीतर रस्त्यावरचा कोणी माणूस असतो, डॉक्टर विचारतात काय झालं. पोलीस केस होईल, दवाखाना घेणार नाही, पैसे जास्त लागतील, या धास्तीने तो सांगतो, 'गाडीवरून घसरून पडला.' डॉक्टर तेच लिहितात. दीड वर्षानं विमा कंपनीचा वकील तोच कागद पुढे करतो आणि विचारतो, तुमच्याच माणसानं डॉक्टरांना काय सांगितलं होतं ते वाचा. कोरेगावकडच्या एका पोराचा दावा माझ्याकडे होता. जीपनं धडक दिली हे गावाला माहीत. केसपेपरवर मात्र घसरून पडल्याची नोंद, आणि फिर्याद सव्वीस दिवसांनी. अपघात त्या जीपनंच झाला हे आम्हाला शाबीत करता आलं नाही. त्याच्या आईनं पतसंस्थेतून काढलेले पैसे ती अजून फेडते आहे. जीपचा विमा चालू होता, पॉलिसी खरी होती. गेलं ते त्या एका ओळीवर.

तुमच्या कागदावर असं काही लिहिलं असेल तर खाडाखोड करायला सांगू नका. डॉक्टरांना खरा प्रकार सांगा, पेशंट शुद्धीवर आहे तर त्याच्या तोंडून सांगू द्या, आणि नवी नोंद आजच्या तारखेची आणि वेळेची करायला विनंती करा. दवाखान्यानं पोलिसांना एमएलसी, म्हणजे अपघाताच्या पेशंटची कायदेशीर नोंद, कळवली आहे का तेही विचारा. दाखल करून घ्यायला पोलिसांच्या कागदाची वाट बघायची नसते, हे सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्येच सांगून ठेवलंय. तेव्हा 'पोलीस केस म्हटलं की दवाखाना घेत नाही' ही भीतीही मनातून काढा.

कारवाल्याच्या 50 हजारांचं. घ्या. सही करू नका. त्याला नीट बसवून सांगा की विमा चालू असेल आणि लायसन वगैरे ठीक असेल तर भरपाई त्याच्या खिशातून जाणार नाही, कंपनी देईल, आणि माणसाच्या दुखापतीसाठी थर्ड पार्टी विम्याला रकमेची मर्यादाही नसते. बऱ्याच जणांना वाटतं क्लेम झाला तर नो क्लेम बोनस जाईल. तो बोनस त्याच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीशी जोडलेला असतो, तुमच्या दाव्याशी नाही. त्यानं आपल्या कंपनीला अपघात लेखी कळवावा एवढंच आपलं म्हणणं. त्याउपर माणुसकीनं देत असेल तर ऑनलाइन किंवा चेकनं द्यावं, आणि पावतीवर 'औषधोपचारासाठी मिळाले, दाव्याचा हक्क कायम' असं लिहावं. त्याच्या शंभरच्या स्टँपवर 'आमची आपसात तडजोड झाली, पुढे कोणतीही तक्रार नाही' अशी वाक्यं असणार, न वाचताही मी सांगतो. नोटरीचा शिक्का बसलेला तो कागद पुढे कोर्टात निस्तरता येतो, पण त्यात एक वर्ष जातं.

दाव्यात काय मिळतं याची कल्पना यावी म्हणून आकडा मांडतो. बिल हा त्यातला एक भाग, आणि पुष्कळदा लहान भाग. समजा भावाची कमाई महिना 15,000 शाबीत झाली. स्वतःचा धंदा, वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के धरून 21,000. वर्षाचे 2 लाख 52 हजार. 34 वयाला गुणक (वयानुसार ठरलेला, वर्षाच्या कमाईला गुणायचा आकडा) 16, म्हणजे 40 लाख 32 हजार. पायातल्या अधूपणामुळे कामाची क्षमता 15 टक्के घटली असं ठरलं तर 6 लाख 4 हजार 800. यात दवाखान्याचं बिल, पाच-सहा महिने बुडालेली कमाई, सोबतीच्या माणसाचा खर्च, गाडीभाडं, खुराक, आणि वेदनांसाठीची रक्कम वेगळी मिळवायची. वर अर्जाच्या तारखेपासून व्याज. आता बघा, 50 हजारांत काय मिटवायला निघाला होता.

ही 15 टक्क्यांची भानगड समजून घ्या. अपंगत्वाच्या दाखल्यावर पायाचं 30 टक्के लिहिलं म्हणून कमाई 30 टक्के घटली असं न्यायाधिकरण धरत नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या निकालानं सांगितलंय की बघायचं ते त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला. कारकुनाच्या पायाला जो अधूपणा चालून जातो तो खांबावर चढणाऱ्या वायरमनला चालत नाही. म्हणून भाऊ काय काम करतात याचे पुरावे आतापासून जमवा: वायरमनचा परवाना असेल तर तो, दुकानाची बिलं, फोनवर आलेले गिऱ्हाइकांचे पैसे, बँकेचा उतारा, विहिरीवर काम केलेल्या दोन-चार बागायतदारांची नावं. रोखीनं धंदा करणाऱ्यांची इथेच गाळण उडते. कमाई पंचवीस हजारांची असते आणि पुरावा शून्याचा.

बिलांचं सांगायचं तर मेडिकलच्या दुकानातली बहुतेक बिलं आता गुळगुळीत थर्मल कागदावर येतात. दोन वर्षांनी ती कोरी होतात. माझ्या एका पक्षकाराची जवळजवळ चाळीस हजारांची औषधांची बिलं न्यायाधीशांनी उजेडाकडे धरून पाहिली आणि बाजूला ठेवली. रोजच्या रोज झेरॉक्स काढा, मूळ बिल त्याच झेरॉक्सला टाचा, प्रत्येकावर पेशंटचं नाव आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची जोड असू द्या. भरलेल्या 60 हजारांची रीतसर पावती घ्या. कच्च्या चिठ्ठीवर पेनानं लिहिलेला आकडा पावती होत नाही. रॉडच्या पाकिटावरचा स्टिकर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, आंतररुग्ण केसपेपरची प्रत, सगळं एका पिशवीत. पिशवी घरातल्या एकाच माणसाकडे. शक्यतो वहिनींकडे, कारण तुम्ही पळापळीत हरवाल.

तुमच्याकडे मेडिक्लेम नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे असेल म्हणून एक सांगून टाकतो. अपघाताला सुरुवातीच्या 30 दिवसांची प्रतीक्षा लागत नाही, तेव्हा नवी पॉलिसीही चालते. आणि मेडिक्लेमनं बिल दिलं तर दाव्यातून तेवढी वजावट होते, ही जुनी भीतीही आता नको. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं मार्च 2025 मध्ये ठरवलंय की हप्ते भरून मिळवलेली मेडिक्लेमची रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करायची नाही. मेडिक्लेमवाले मूळ बिलं ठेवून घेतात, म्हणून आधी सगळ्याच्या प्रती आणि नंतर त्यांचं मंजुरीपत्र जपून ठेवायचं. फुले योजनेचं तसं नाही. जे बिल तुम्ही भरलंच नाही ते खर्च म्हणून मागू नका. बाकीचं सगळं मागता येतं.

दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिने. ही मर्यादा 1 एप्रिल 2022 पासून आली, आधी नव्हती, म्हणून गावातले अनुभवी लोक 'सावकाश करू' असा जुना सल्ला देतात. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्यावर विसंबून बसू नका. अपघात साताऱ्यात झाला, तुम्हीही इथलेच, म्हणून दावा इथेच चालेल. गाडीवाला पुण्याचा असला तरी त्याच्यामागे पुण्याला जायची गरज नाही. दोष शाबीत न करता कलम 164 खाली गंभीर दुखापतीला ठरावीक अडीच लाख मिळतात, आणि हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापतच आहे. पण मागून धडक, चालक हजर, गाडीला विमा, अशा तुमच्या प्रकरणात मी कलम 166 खाली पूर्ण भरपाईच मागेन. कारवाला पळून गेला असता आणि नंबर मिळालाच नसता, तर पळून गेलेल्या गाडीसाठीच्या सरकारी योजनेच्या 50 हजारांवर भागवावं लागलं असतं, तोही अर्ज कोर्टात नाही, प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत.

दवाखान्याच्या आवारात कोणी गोड बोलून 'वकील देतो, खर्च काही नाही, आले की तीस टक्के' म्हणेल. टक्केवारीवर काम घ्यायला वकिलाला मनाई आहे. फी ठरवा, पावती घ्या. परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असेल तर वकील मोफत मिळतो.

परवा रॉड टाकला की डॉक्टरांकडून आणखी एक कागद मागून घ्या: हा रॉड पुढे काढावा लागेल का, साधारण कधी, आणि त्याला किती खर्च येईल. लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह. तो पुढचा खर्च दाव्यात आत्ताच मागता येतो. निकाल लागून गेल्यावर दीड वर्षांनी ऑपरेशनचं बिल घेऊन माझ्याकडे येणारे दर पावसाळ्यात एक-दोन तरी असतात, आणि त्यांना चहा पाजण्यापलीकडे मला काही करता येत नाही.